बिनतारीची पहिली तार

पुण्याजवळच्या खडकीला आणि तेथून पूर्वेस असलेल्या दौंडला १९२७ साली इंग्लंडशी बिनतारी संदेशांची देवघेव करणारी जी दोन केंद्रे सुरू झाली, त्यांपैकी खडकीचे केंद्र केवळ बोलण्याचे आणि दौंडचे केवळ ऐकण्याचे काम करी. कारण स्वतःच्याच आवाजाच्या गदारोळात सातासमुद्रापलीकडून आलेला क्षीण शब्द बुडून जाऊ नये, म्हणून मुख आणि कान यांच्यात वीसएक कोसांचे अंतर राखणे त्या काळच्या यंत्रविद्येला भाग होते. या केंद्रांचे मनोरे दुरून दिसत, म्हणून स्मरणात राहिले ते मनोरेच. मुंबईत स्वीकारलेला मजकूर खडकीपर्यंत नेणारी आणि दौंडला उतरलेला मजकूर मुंबईला पोचवणारी जी साधी तार जमिनीवर होती, तिला मात्र ‘बिनतारी’ या शब्दानेच जणू कथेतून हद्दपार केले.

हे आठवण्याचे निमित्त क्षुल्लक आहे. माझ्या टेबलावर बँकेच्या कार्डाएवढी एक हिरवी पाटी पडलेली आहे. तिला रास्पबेरी पाय असे फळाच्या नावाचे नाव आहे, तिच्यात संपूर्ण संगणक सामावलेला आहे, आणि तिला पडदा, कळफलक किंवा माऊस यांपैकी काहीही जोडलेले नाही. घरातल्या वायफायच्या जाळ्यात तिला सामील करून घ्यावयाचे, तर जाळ्याचे नाव आणि पासवर्ड तिच्या कानावर घालणे आवश्यक. पण ते घालावयाचे कसे? जाळ्यातून तिच्याशी बोलता येईल, परंतु ती अद्याप जाळ्यात नाही. आणि जाळ्यात ती येईल, परंतु त्याआधी तिच्याशी बोलणे झाले पाहिजे. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, अशा या पेचातून सुटण्याचा जो मार्ग जाणकार मंडळी सांगतात, तो म्हणजे कपाटातून एक तार काढावी, ती यंत्राला जोडावी आणि तिच्यावरून लेखी आज्ञा पाठवाव्यात. बिनतारी यंत्राला पहिली आज्ञा तारेनेच द्यावी लागते, ही गोष्ट खडकीच्या मनोऱ्याइतकी जुनी आहे, आणि तिचा इतिहास मनोऱ्याच्या इतिहासापेक्षा अधिक रंजक आहे, असे माझे मत आहे.

ज्याला आज कमांड लाइन म्हणतात, त्या आज्ञेच्या ओळीचे कूळ शोधू गेले, तर ते थेट तारखात्यात जाऊन पोचते. फ्रान्सच्या तारखात्यात १८६९ साली नोकरीस लागलेला एमिल बोदो नावाचा शेतकऱ्याचा मुलगा एकाच तारेवरून अनेक संदेश एकाच वेळी धाडण्याची युक्ती शोधीत होता. १८७४ मध्ये त्याने जी पद्धती सिद्ध केली, तिच्यात प्रत्येक अक्षराला पाच समान लांबीच्या खुणा दिलेल्या होत्या, आणि मॉर्सच्या लघुदीर्घ कट्टकडकट्टापेक्षा ती यंत्राला अधिक मानवणारी होती. पुढे तारेवरील खुणांच्या वेगाच्या मापाला ‘बॉड’ हे नाव या बोदोवरूनच मिळाले. आज एखादा विद्यार्थी आपल्या पडद्यावरील खिडकीत ‘बॉड: एक लक्ष पंधरा हजार दोनशे’ असा आकडा निवडतो, तेव्हा आपण एका फ्रेंच तारबाबूचे नाव घेत आहोत, याची त्याला कल्पना नसते.

बोदोच्या कल्पनेतून टेलिप्रिंटर निघाला, आणि टेलिप्रिंटरमधून अमेरिकेच्या टेलिटाइप कंपनीचे १९६३ सालचे ‘मॉडेल ३३’ नावाचे ते अवजड, खडखडाट करणारे यंत्र निघाले, जे वस्तुतः तारा टंकित करण्याच्या जातीचे असूनही स्वस्त असल्यामुळे संगणकांच्या दारात येऊन बसले. ते सेकंदाला दहा अक्षरे उमटवी. त्याच्या कळा बोटाने नव्हे तर मनगटाने दाबाव्या लागत, असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही. न्यू जर्सीतील मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली युनिक्सचा जन्म झाला, तेव्हा तिच्या कर्त्यांपुढे याच जातीची यंत्रे होती, आणि म्हणूनच यादी मागणारी आज्ञा ‘एलएस’, नक्कल करणारी ‘सीपी’ आणि स्थलांतर करणारी ‘एमव्ही’ अशी दोन-दोन अक्षरांत आटोपलेली आहे. ज्यांनी पेशवे दफ्तरातील कागद वाचले आहेत, त्यांना यात नवल वाटू नये. ‘राजमान्य राजेश्री’ हे ‘रा. रा.’ होते आणि चंद्राची तिथी केवळ ‘छ’वर भागते, ती मोडी लिहिणाऱ्या कारकुनाची काटकसर आणि टेलिटाइपवर बोटे दुखवून घेणाऱ्या अभियंत्याची काटकसर यांत तत्त्वतः फरक नाही. लेखणी धावती झाली आणि कळ हलकी झाली, तरी संक्षेप मात्र कायम राहिले. लिनक्समध्ये आजही अनेक टर्मिनलांची नावे ‘टीटीवाय’ने सुरू होतात, म्हणजे टेलिटाइपने; ते लोखंडी यंत्र केव्हाच भंगारात गेले, पण दफ्तरी त्याचे नाव अद्याप खारीज झालेले नाही.

माझ्या हिरव्या पाटीला जी तार जोडावयाची, तिला तीन पदर पुरतात. एक सामाईक जमिनीचा, एक बोलण्याचा आणि एक ऐकण्याचा. नवखा मनुष्य हमखास चुकतो तो येथे, कारण तो बोलण्याला बोलणे आणि ऐकण्याला ऐकणे जोडतो, आणि मग दोन्ही यंत्रे एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून मौन धरतात. एकाचे मुख दुसऱ्याच्या कानाला लागले पाहिजे. खडकीचा शब्द इंग्लंडातील ग्रहणकेंद्राच्या कानी आणि इंग्लंडचा दौंडच्या कानी, हीच ती व्यवस्था, फक्त कोसांच्या जागी वीतभर अंतर. आणखी एक सावधगिरी जाणत्यांकडून ऐकून ठेवावी: १९६० साली ठरलेल्या आरएस-२३२ या प्रमाणानुसार चालणाऱ्या जुन्या संगणकांच्या तारेत विजेचा दाब बराच मोठा असतो, आणि ही पाटी अवघे ३.३ व्होल्ट सोसते. दोघांची सोयरीक मध्यस्थाशिवाय केली, तर पाटी जळते.

आता लहरींकडे वळू. संगणकाने संगणकाशी हवेतून बोलावे, ही गोष्ट प्रथम जेथे व्यवहारात आली ते ठिकाण हवाई बेटे, आणि तेथे ती का आली याचे उत्तर नकाशात आहे: विद्यापीठाचा मोठा संगणक ओआहू बेटावर आणि त्याची गरज असणारी महाविद्यालये समुद्राने विलग झालेल्या इतर बेटांवर. स्टॅनफर्डहून तेथे आलेले प्राध्यापक नॉर्मन अब्रॅम्सन यांना समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन खेळण्याचा नाद होता आणि तोही त्यांच्या स्थलांतराच्या कारणांपैकी एक होता, असे सांगतात; लाटांच्या या भक्ताने १९७१ च्या जूनमध्ये जे जाळे चालू केले त्याला तेथील लोकांच्या अभिवादनाचे ‘अलोहा’ हेच नाव दिले. त्याचा नियम इतका साधा होता की तो प्रथम ऐकणाऱ्याला बेशिस्तीचा वाटावा. ज्याला बोलावयाचे त्याने खुशाल बोलावे, पोच आली नाही तर दुसऱ्या कोणाच्या बोलण्याशी आपली टक्कर झाली असे समजावे, आणि मन मानेल तितका वेळ थांबून पुन्हा बोलावे. गणिताने असे दिसले की या पद्धतीत मार्गाच्या क्षमतेपैकी जेमतेम अठरा टक्केच सत्कारणी लागू शकते. तरीही, रांग लावण्याकरिता एखादा चौकीदार नेमण्यापेक्षा ही मोकळीक बरी, हा जो निर्णय तेथे झाला, तो पुढे झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी सुधारून तारेवर आणला आणि त्याचे इथरनेट झाले. म्हणजे बिनतारीची कल्पना तारेत शिरली आणि काही वर्षांनी तेथूनच पुन्हा हवेत आली. मला विशेष लक्षणीय वाटते ते असे, की अलोहाच्या दूरच्या टोकांना बसलेला विद्यार्थीसुद्धा टर्मिनलापासून रेडिओच्या पेटीपर्यंत तारेनेच बांधलेला होता.

मधल्या काळाची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती बहुतांशी समित्यांची आणि व्यापाराची आहे. भट्ट्या, वैद्यकीय साधने, आणि पुढे घरोघरी आलेली मायक्रोवेव्हची चूल ज्या लहरींवर चालते, त्या लहरींचे काही पट्टे दळणवळणाच्या दृष्टीने कचऱ्यात जमा होते. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९८५ च्या मेमध्ये ते विनापरवाना वापरण्यास मुभा दिली. एनसीआर या गल्ल्याची यंत्रे करणाऱ्या कंपनीला दुकानाची मांडणी बदलली की दर वेळी तारा उखडाव्या लागत, म्हणून तिच्या नेदरलंडमधील अभियंत्यांनी या कचऱ्यातून ‘वेव्हलॅन’ काढले. त्यांच्यातील विक हेज यांनी दहा वर्षे प्रमाण-समितीचे अध्यक्षपद सांभाळले, आणि १९९७ साली ८०२.११ हा क्रमांक धारण करणारे प्रमाण मंजूर झाले. १९९९ मध्ये वेग ११ मेगाबिटांवर गेला, ‘वायफाय’ हे नाव जाहिरातीच्या टाकसाळीतून निघाले, आणि न्यूयॉर्कमधील एका सभेत स्टीव्ह जॉब्स यांनी हातातला संगणक मुलांच्या खेळातल्या कड्यामधून पार करून दाखवला, त्याला तार नाही हे लोकांना पटावे म्हणून. जादूगाराचा हा प्रयोग पाहणाऱ्यांपैकी ज्यांच्याजवळ लिनक्स होते, त्यांचे कष्ट मात्र कड्यातून पार होणारे नव्हते.

लिनक्सकडे त्या वेळी चित्रांच्या खिडक्या थोड्या आणि आज्ञांच्या ओळी फार. १९८३ च्या बर्कली युनिक्सपासून जाळ्याची जोडणी करणारी ‘इफ्‌कॉन्फिग’ नावाची आज्ञा चालत आलेली होती; परंतु तिला तारेचे ज्ञान होते, लहरींचे नव्हते. जाळ्याचे नाव, चॅनेल, संकेताची किल्ली, समोरच्या केंद्राचा आवाज किती क्षीण अथवा बुलंद, हे सारे तिच्या कोशाबाहेरचे. प्रत्येक कार्डाचा चालक आपापल्या मर्जीने या गोष्टी सांगे अथवा लपवी. ह्युलेट-पॅकार्डमधील जाँ तूरिल यांनी १९९६ पासून या अराजकात एक सामाईक बोली आणण्याचे काम हाती घेतले आणि तिला अनुरूप अशी ‘आयडब्ल्यूकॉन्फिग’ ही आज्ञा दिली. तिच्या नावातील डब्ल्यू तेवढा नवा. बाकीचा साचा जुना, आणि तो मुद्दाम जुना ठेवला होता, कारण नवी गोष्ट जुन्या मायन्यात लिहिली की कारकून ती लवकर उचलतो. कार्डाचे नाव लिहावे, मग जाळ्याचे, मग किल्ली, आणि ओळीच्या शेवटी एंटर दाबून मोर्तब करावे. उत्तर काहीच आले नाही, तर काम झाले असे समजावे. युनिक्सच्या या मौनाची मला पुढे आवड लागली. काम झाल्यावर ‘झाले’ असे न सांगणारा नोकर घरातही क्वचित मिळतो.

किल्लीची कथा जराशी लाजिरवाणी आहे. मूळ प्रमाणात जी संकेतपद्धती होती, तिचे नाव ‘तारेइतकी खासगी’ अशा अर्थाचे होते, आणि तिची किल्ली अमेरिकेच्या निर्यातबंदीच्या धाकामुळे अवघ्या चाळीस बिटांची ठेवलेली होती. आज्ञेच्या ओळीत ती दहा अक्षरांत लिहिता येई. २००१ साली स्कॉट फ्लूरर, इत्सिक मांतिन आणि आदि शामीर या तिघांनी त्या पद्धतीच्या मुळाशी असलेला दोष उघड केला, आणि २००७ पर्यंत डार्मश्टाटच्या संशोधकांनी लांब किल्लीचेही कुलूप एका मिनिटाच्या आत उघडून दाखवले. तारेचे नाव घेऊन हवेने केलेली ही प्रतिज्ञा अशी फोल ठरली.

तिच्या जागी २००३ आणि २००४ मध्ये जी व्यवस्था आली, तिच्यासाठी एक ओळ पुरेना. आता नुसती किल्ली सांगून भागत नव्हते. यंत्राच्या वतीने केंद्राशी बोलणी करणारा, किल्ली दर वेळी नवी करून घेणारा, संबंध तुटला की पुन्हा दार ठोठावणारा एक कायमचा वकील पदरी बाळगणे प्राप्त झाले. फिनलंडच्या योउनी मालिनेन यांनी २००३ मध्ये तो लिहिला. त्याचे नाव ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’, आणि यातील सप्लिकंट या शब्दाचा सरळ अर्थ याचक. हा शब्द मालिनेन यांचा नव्हे, २००१ च्या एका प्रमाणग्रंथाचा. तेथे प्रवेश मागणारा तो याचक आणि दार राखणारा तो प्रमाणक, अशी पात्रे योजलेली आहेत. आपल्या कचेऱ्यांतील शब्द घ्यावयाचा, तर अर्जदार. इतक्या कोरड्या शास्त्रात हा विनम्र शब्द कोणी आणून बसवला असेल, याचे मला अजून कौतुक वाटते.

या अर्जदाराची अर्ज करण्याची रीत पाहण्यासारखी आहे. अशोकवनात हनुमंताने सीतेची खातरी पटवली ती रामाची मुद्रिका दाखवून. येथे मुद्रिका दाखवावयाची नाही, कारण भोवती ऐकणारे राक्षस अनेक आहेत, तरीही ती आपल्याजवळ आहे हे सिद्ध करावयाचे आहे. म्हणून केंद्र प्रथम एक मनास येईल तो आकडा पाठवते. अर्जदार आपला दुसरा आकडा निवडतो, दोन्ही आकडे आणि मनातली गुप्त किल्ली यांच्या मिश्रणातून त्या भेटीपुरती नवी किल्ली घडवतो, आणि आपला आकडा त्या नव्या किल्लीने केलेल्या शिक्क्यासह परत धाडतो. केंद्रही तेच मिश्रण करून शिक्का ताडून पाहते, जुळला तर आपल्या शिक्क्यानिशी तिसरे पत्र पाठवते, आणि चौथ्या पत्राने अर्जदार पोच देतो. चार पत्रांत मूळ किल्लीचा उच्चार एकदाही होत नाही. या चारांपैकी तिसरे पत्र कोणी अडवून पुन्हा पाठवले, तर काय होईल, हा प्रश्न मात्र तेरा वर्षे कोणी नीट विचारला नाही. बेल्जियमच्या माथी फानहूफ यांनी तो विचारला आणि २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचे उत्तर जगजाहीर झाले. लिनक्सवरील याचकाची तर विशेष शोभा झाली: किल्ली एकदा बसवल्यावर ती स्मृतीतून पुसून टाकण्याची दक्षता त्याने घेतलेली होती, त्यामुळे पत्र दुसऱ्यांदा आले तेव्हा त्याने पुसलेली जागाच, म्हणजे शून्यांची माळ, किल्ली म्हणून बसवली. नीटनेटकेपणाने केलेला घात असा विरळा.

या याचकाच्या फाइलीत जी ‘पीएसके’ अशी ओळ असते, तिच्यात आपण आठ ते त्रेसष्ट अक्षरांचा पासवर्ड लिहू शकतो, किंवा एका लहान आज्ञेकडून तो दळून घेऊ शकतो. ती आज्ञा पासवर्डात जाळ्याचे नाव मिठासारखे मिसळते, त्याला ४०९६ वेळा मंथनातून काढते आणि चौसष्ट अक्षरांचा अगम्य आकडा हाती देते. हेतू हा की फाइल वाचणाऱ्याला मूळ पासवर्ड कळू नये. आणि मग तीच आज्ञा, त्या आकड्याच्या बरोबर वरच्या ओळीत, टीप म्हणून मूळ पासवर्ड जसाच्या तसा लिहून ठेवते! ती ओळ खोडण्यास विसरलेल्या फाइली मी स्वतः कमी पाहिलेल्या नाहीत. त्यांतली एक माझीच होती.

त्याच फाइलीच्या माथ्यावर आणखी एक ओळ असते, अवघ्या दोन अक्षरांची: देश. आपण कोठे आहोत ते यंत्राला सांगावे, म्हणजे कोणत्या लहरींवर, किती जोराने बोलण्याची तेथे अनुज्ञा आहे हे ते आपल्या तक्त्यात पाहून ठरवते. चॅनेल बारा आणि तेरा भारतात चालतात, अमेरिकेतल्या यंत्रांना ते सहसा मिटलेले असतात, आणि चौदावे केवळ जपानचे. भारतीय वाचकाला या दोन अक्षरांपुढे क्षणभर थांबण्याचा अधिकार आहे. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा यांच्या छायेत वाढलेल्या पिढीला घरातल्या रेडिओसाठीसुद्धा पोस्टातून परवाना आणून त्याची मुदत दरसाल वाढवून घ्यावी लागे, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील कमी शक्तीच्या साधनांना परवान्यातून सूट देणारे नियम आपल्याकडे निघाले ते २८ जानेवारी २००५ रोजी. त्यानंतर अकरा वर्षांनी, २०१६ च्या जानेवारीत, मुंबई सेंट्रलच्या फलाटावर उभ्या असलेल्या कोणाही उतारूला फुकट वायफाय मिळू लागले. त्याच्या खिशातल्या फोनाच्या आत कोठेतरी देशाची ती दोन अक्षरे लिहिलेली होतीच. माझी हिरवी पाटी तर देश सांगितल्यावाचून तोंडच उघडत नाही. रेडिओ बंद ठेवलेला आहे, प्रथम देश नेमून द्यावा, असे ती पहिल्याच ओळीत बजावते, आणि मला जकातनाक्यावरच्या जुन्या नाकेदाराची आठवण होते.

आतापर्यंत जे सांगितले, त्यात आज्ञा लिहिणाराला यंत्रात शिरकाव आहे हे गृहीत होते. ज्या यंत्राच्या मालकालाच आत येऊ द्यावयाचे नाही असे कर्त्याने ठरवलेले असते, त्याची गोष्ट वेगळी, आणि या सर्व इतिहासातील ती सर्वांत चविष्ट. २००२ च्या डिसेंबरात लिंक्सिस कंपनीने निळ्या-काळ्या रंगाचा, दोन शिंगांचा जो घरगुती राउटर बाजारात आणला, त्याचे नाव डब्ल्यूआरटी५४जी. वापरणाऱ्यासाठी त्यात काही पाने होती, त्यांत खुणा कराव्या आणि ‘जतन’ म्हणावे. आज्ञेची ओळ कोठेच नव्हती. पण पुढच्या उन्हाळ्यात काही चिकित्सक लोकांनी त्याची आज्ञावली उकलून पाहिली, तेव्हा आत लिनक्स निघाले. लिनक्सची सनद अशी आहे की जो ते वाटतो, त्याने त्याचा मूळ लेखही मागणाऱ्यास दिला पाहिजे. सिस्कोने त्याच वर्षी ५० कोटी डॉलरांना विकत घेतलेल्या या कंपनीवर तगादा सुरू झाला, आणि २००३ च्या जुलैमध्ये मूळ लेख प्रसिद्ध झाला.

लेख मिळाला, तरी दार बंदच. ते उघडले एका फटीतून. राउटरच्या पानांत तपासणीसाठी एक चौकट होती. तिच्यात दुसऱ्या यंत्राचा पत्ता लिहिला की राउटर त्याला हाक मारून उत्तर येते का ते पाही. कोणाच्या तरी ध्यानी आले की चौकटीत पत्त्याऐवजी अर्धविराम टाकून पुढे आज्ञा लिहिली, तर राउटर ती मुकाट्याने पाळतो. अडचण एवढीच की चौकट आखूड होती आणि तिच्यात रिकामी जागा सोडण्यास मनाई होती. मग रिकाम्या जागेच्या ठिकाणी, रिकाम्या जागेचे नाव धारण करणारा युनिक्सचा एक सांकेतिक शब्द लिहिण्यात आला. आणि स्मरणकोशात लिहिणारा जो कार्यक्रम, त्याची प्रथम एका अक्षराच्या नावाने नक्कल करून घेण्यात आली, की पुढच्या आज्ञा चौकटीत मावाव्यात. तीन-चार ओळींत राउटरला असे पढवले जाई की यापुढे जागा होताना क्षणभर थांब आणि कोणी तारेवरून नवी आज्ञावली देत आहे का ते पाहा. त्या क्षणात नवी आज्ञावली आत ढकलली जाई. किल्ल्याच्या महाद्वाराला हात न लावता दिंडीतून आत जाऊन आतून अडसर काढण्याचा हा प्रकार आहे, आणि २००४ च्या आरंभी ‘ओपन डब्ल्यूआरटी’ नावाचा जो प्रकल्प उभा राहिला, तो या दिंडीतूनच आत आला.

त्या राउटराजवळ अवघी १६ मेगाबाइट स्मृती आणि ४ मेगाबाइटांची कोठी होती. तेवढ्यात लोकांनी आज्ञेची ओळ बसवली, तिच्यावरून लहरींचा जोर कमीजास्त केला, एका राउटरला दुसऱ्याचा अर्जदार बनवून तारेवाचून गल्ल्या जोडल्या. कंपनीने २००५ मध्ये लिनक्स काढून आणि कोठी निम्मी करून नवी आवृत्ती काढली, तेव्हा मागणी अशी राहिली की जुना ऐवज ‘एल’ हे अक्षर लावून वेगळ्या नावाने पुन्हा विकावा लागला. तथापि एक गोष्ट कोणालाच टाळता आली नाही: नवी आज्ञावली घालण्याचे ते काम राउटरच्या पाठीमागच्या भोकात तार खोचूनच करावे लागे. आणि ज्याच्या हातून ते बिघडे, तो पेटी उघडून आतल्या पाटीवरील सीरियलच्या खुंट्या शोधी आणि टेलिटाइपच्या वंशजाला शरण जाई.

२०१२ च्या २९ फेब्रुवारीला रास्पबेरी पाय आली, आणि चार वर्षांनी त्याच तिथीला निघालेल्या तिच्या तिसऱ्या अवताराच्या अंगातच वायफाय होते. आता लाखो मुलांपुढे तोच पेच उभा राहिला, जो पूर्वी थोड्या अभियंत्यांपुढे होता. त्यावर जो तोडगा निघाला, तो तारेचाही नाही आणि लहरींचाही नाही. तो जासुदाचा आहे. पाटीचे मेमरी कार्ड काढावे, दुसऱ्या संगणकात घालावे, त्याच्या आरंभीच्या कप्प्यात याचकाची फाइल ठेवावी, आणि कार्ड हाताने परत आणून पाटीत खोचावे. जागी होताच ती खलिता उघडते, देश, नाव आणि किल्ली वाचते, फाइल आपल्या दफ्तरात नेऊन ठेवते आणि जाळ्याचे दार ठोठावते. दूरवरून आज्ञेची ओळ उघडून देणारी ‘एसएसएच’ ही व्यवस्था, जी हेलसिंकीच्या तातू यलोनेन यांनी विद्यापीठातील पासवर्डांची चोरी पाहून १९९५ मध्ये रचली, ती २०१६ च्या अखेरीपासून या पाटीवर आपोआप चालू होईनाशी झाली. ती हवी असल्यास त्याच कप्प्यात ‘एसएसएच’ एवढ्याच नावाची एक फाइल ठेवावी. तिच्या आत काहीही लिहावयाचे नाही. कोऱ्या कागदाचा हुकूम मानणारे यंत्र मी आणखी पाहिलेले नाही.

मी ही रीत शिकलो, पाठ केली आणि दोघातिघांना शिकवलीही. अलीकडे एका नव्या कार्डावर त्याच भरवशाने फाइल ठेवली, देश लिहिला, पासवर्डाची ती टीप न विसरता खोडली, आणि पाटीला वीज देऊन राउटरच्या यादीकडे पाहत बसलो. दहा मिनिटे गेली, पाटीचा हिरवा दिवा लुकलुकून शांत झाला, यादीत नाव उमटेना. शोध घेता कळले की २०२३ च्या ऑक्टोबरात आलेल्या नव्या आवृत्तीपासून जाळ्याचा कारभार ‘नेटवर्क मॅनेजर’ नामक दुसऱ्या मुत्सद्द्याकडे सोपवण्यात आला असून, आरंभीच्या कप्प्यातील ती जुनी सनद आता कोणी उघडून पाहत नाही. चुकीची आहे असेही कोणी सांगत नाही. खलिता जागच्या जागी पडून राहतो.

मी कपाट उघडले आणि तीन पदरांची ती तार शोधू लागलो.